नागरी सेवा परीक्षेचे सामान्य अध्ययन: नव्या उमेदवाराने सुरुवात कशी करावी

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची तयारी करायची असे ठरवल्यावर बहुतेक विद्यार्थी पहिल्या महिन्यात पुस्तके गोळा करतात आणि भेटेल त्याला दिवसाला किती तास अभ्यास करावा लागतो असे विचारतात. सामान्य अध्ययन म्हणजे सूर्याखालचे सगळे काही, हा समज त्यामागे असतो. तो समज खरा नाही. या विषयाला हद्द आहे, ती आयोगाने स्वतःच अधिसूचनेतील अभ्यासक्रमात आखून दिली आहे आणि गेल्या अनेक वर्षांच्या प्रश्नपत्रिकांनी ती अधिक स्पष्ट केली आहे. त्या हद्दीच्या आत कोणत्या क्रमाने शिरावे आणि वाचलेले उत्तरपत्रिकेपर्यंत कसे न्यावे, हे पुढे सांगितले आहे.

परीक्षेची मांडणी

पूर्वपरीक्षेत एकाच दिवशी दोन पेपर असतात. पहिला सामान्य अध्ययनाचा, १०० प्रश्नांचा आणि २०० गुणांचा. दुसरा, उताऱ्यांचे आकलन, तर्क आणि गणित तपासणारा, ज्याला सगळे सीसॅट म्हणतात तो, ८० प्रश्नांचा आणि २०० गुणांचा. सीसॅटमध्ये ३३ टक्के गुण मिळाले की पुरे. गुणवत्ता यादी पहिल्या पेपरच्या गुणांवरच लागते. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण वजा होतात.

मुख्य परीक्षेत गुणवत्तेसाठी १७५० गुण धरले जातात. निबंधाचे २५०, सामान्य अध्ययनाच्या चार पेपरचे १००० आणि वैकल्पिक विषयाच्या दोन पेपरचे ५००. मुलाखतीचे २७५ गुण मिळवले की एकूण २०२५ होतात. याखेरीज भारतीय भाषा आणि इंग्रजी असे प्रत्येकी ३०० गुणांचे दोन पात्रता पेपर असतात. एकूण गुणांपैकी जवळजवळ निम्मे सामान्य अध्ययनाचे आहेत, आणि निबंधाचा कच्चा माल याच अभ्यासातून येतो. म्हणून वैकल्पिक विषय कोणता घ्यावा या चर्चेत सुरुवातीचे महिने घालवू नयेत. पायाभूत वाचन झाल्यावर तो निर्णय पुष्कळ सोपा होतो.

अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका

मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाचा अभ्यासक्रम जेमतेम काही पानांचा आहे. तो आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा, छापून घ्यावा आणि त्यातील प्रत्येक ओळ एका स्वतंत्र कोऱ्या पानाच्या माथ्यावर हाताने लिहावी. सध्याची चार पेपरची रचना २०१३ पासूनची आहे. त्यामुळे त्या वर्षापासूनच्या सर्व प्रश्नपत्रिका घेऊन एकेक प्रश्न ज्या ओळीखाली बसतो त्या पानावर उतरवावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला दोन-तीन आठवडे सहज लागतात. बाजारात अशा वर्गवारीची तयार पुस्तके मिळतात, पण स्वतः केलेल्या वर्गवारीतून जे कळते ते त्यांतून कळत नाही. कोणत्या ओळीवर दरवर्षी प्रश्न येतो, कोणती ओळ वर्षानुवर्षे कोरी राहते, एकाच विषयावरचा प्रश्न माहिती विचारण्याकडून मत विचारण्याकडे कसा सरकत गेला, हे सगळे ही पाने भरताना दिसू लागते. पुढे कोणतेही पुस्तक किंवा वर्तमानपत्र हाती आले की त्यातले काय टिपायचे याचा निर्णय ही पानेच देतात.

पायाभूत वाचनाचा क्रम

पहिल्या तीन-चार महिन्यांत सहावी ते बारावीची एनसीईआरटीची पुस्तके वाचावीत. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी संकल्पना पक्क्या होण्यासाठी बालभारतीची इतिहास, भूगोल आणि विज्ञानाची पुस्तके आधी वाचायला काहीच हरकत नाही. त्यात कमीपणा मानू नये. क्रम ठरवताना राज्यघटना आणि राज्यव्यवस्था पहिली घ्यावी असे माझे मत आहे. कारण तो विषय आटोपशीर आहे, आणि विधेयक, अध्यादेश, वित्त आयोग, रिट याचिका हे शब्द ओळखीचे झाले की त्याच दिवसापासून वर्तमानपत्र नीट वाचता येते. त्यानंतर भूगोल, मग आधुनिक भारताचा इतिहास, मग अर्थव्यवस्था आणि शेवटी पर्यावरण घ्यावे. प्राचीन आणि मध्ययुगीन इतिहास कला-संस्कृतीच्या बरोबरीने वाचावा. प्रत्येक विषयाला एकच मुख्य संदर्भग्रंथ असावा. दुसऱ्या पुस्तकातले नवे काही सापडले तर त्याची टिप पहिल्याच पुस्तकाच्या समासात करावी, म्हणजे उजळणीच्या वेळी चार पुस्तके उघडावी लागत नाहीत.

राज्यव्यवस्था: एका ओळीचा अभ्यास कसा करावा

मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरच्या अभ्यासक्रमात स्थानिक पातळीपर्यंत अधिकार आणि निधी यांचे हस्तांतरण व त्यातील अडचणी अशा आशयाची एक ओळ आहे. तिच्यावर काम कसे करायचे ते पाहू.

पहिला थर घटनेचा. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९२ ची, ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. अनुच्छेद २४३-ई नुसार पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. २४३-आय नुसार दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमला पाहिजे. २४३-के नुसार निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने घ्यायच्या. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. मात्र २४३-जी वाचताना लक्षात येते की त्यांपैकी कोणते अधिकार प्रत्यक्षात पंचायतींना द्यायचे, हे राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर सोडले आहे. या ओळीतील निम्म्या अडचणींचे मूळ तिथेच आहे.

दुसरा थर इतिहासाचा. त्रिस्तरीय पंचायत व्यवस्थेची शिफारस करणाऱ्या बलवंतराय मेहता समितीचा अहवाल १९५७ चा. महाराष्ट्राने १९६१ मध्ये जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम केला आणि १ मे १९६२ पासून तो लागू झाला. म्हणजे घटनादुरुस्तीच्या तीस वर्षे आधी या राज्यात त्रिस्तरीय व्यवस्था उभी होती. उत्तरात हे एक वाक्य योग्य जागी आले तर लिहिणाऱ्याला विषयाची खोली माहीत आहे हे परीक्षकाला कळते.

तिसरा थर चालू घडामोडींचा. स्थानिक संस्थांतील ओबीसी आरक्षणासंबंधी विकास किशनराव गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तिहेरी चाचणीची अट (स्वतंत्र आयोगाकडून मागासलेपणाची पाहणी, संस्थानिहाय आरक्षणाचे प्रमाण आणि एकूण आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा) पुन्हा स्पष्ट केली, आणि त्यानंतरच्या वादात २०२२ पासून महाराष्ट्रातील अनेक महापालिका व जिल्हा परिषदांचा कारभार दीर्घ काळ प्रशासकांकडे राहिला. घटनेतील पाच वर्षांची मुदत आणि प्रत्यक्षातील परिस्थिती यांतले हे अंतर उत्तरात मांडण्याजोगे आहे.

चौथा थर स्वतः पाहण्याचा. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामसेवकांना अंदाजपत्रक दाखवण्याची विनंती करावी. घरपट्टी आणि पाणीपट्टीतून किती रक्कम येते आणि वित्त आयोगाच्या अनुदानातून किती, हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित ठेवली होती. ग्रामसभेने ठरवलेल्या रस्त्यासाठी किंवा अभ्यासिकेसाठी मग उरते काय, हे त्या कागदावर दिसते. असा एक तास दिला की निधीच्या हस्तांतरणावर लिहिताना पाठांतराची भाषा आपोआप गळून पडते.

या चार थरांची टिपणे दोन पानांत बसली पाहिजेत. तिसरे पान लागले तर काहीतरी अनावश्यक लिहिले गेले आहे असे समजावे. बाकीच्या ओळींचा अभ्यास याच रीतीने करता येतो. मूलभूत संरचनेचे तत्त्व, म्हणजे घटनेचा गाभा संसदेला दुरुस्ती करूनही बदलता येत नाही हे तत्त्व, घेतले तर १९६७ चा गोलकनाथ, १९७३ चा केशवानंद भारती आणि १९८० चा मिनर्वा मिल्स हे खटले सुटे पाठ न करता, संसद आणि न्यायालय यांच्यातील एका दीर्घ वादाचे टप्पे म्हणून वाचावेत. केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांचे पीठ होते आणि निर्णय ७ विरुद्ध ६ असा झाला, हा तपशीलही मग त्या वादाची तीव्रता सांगणारा म्हणून लक्षात राहतो.

इतिहास आणि भूगोल जोडीने वाचावेत

मुख्य परीक्षेच्या पहिल्या पेपरमध्ये इतिहास, भूगोल, समाज आणि कला एकत्र आहेत, आणि माझ्या मते हा पेपर सर्वांत आनंदाने अभ्यासण्याचा आहे. १८७५ मधील दख्खनच्या दंग्यांचे उदाहरण घ्या. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले आणि हे लोण पुढे अहमदनगरकडे पसरले. हे एवढेच वाचले तर ती एक तारीख होते. पण त्याच्या मागे गेलो तर दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली, ओल धरून ठेवणारी काळी कापसाची जमीन भेटते, हा भूगोल. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून भारतीय कापसाला भाव चढला आणि शेतकऱ्यांना सहज कर्ज मिळू लागले. हा जगाचा इतिहास. युद्ध संपताच भाव कोसळले, सावकारांनी हात आखडता घेतला आणि नेमकी त्याच सुमारास सरकारने जमीन महसुलात मोठी वाढ केली. ही वसाहतीची अर्थव्यवस्था. अखेर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, हे प्रशासन. ग्रामीण कर्जबाजारीपणावरचा आजचा प्रश्न तिसऱ्या पेपरमध्ये आला तरी ही साखळी तिथेही उपयोगी पडते.

भूगोल वाचताना नकाशा समोर हवा आणि तो स्वतः काढता आला पाहिजे. भारताची बाह्यरेषा, प्रमुख नद्या आणि पर्वतरांगा अर्ध्या मिनिटात काढण्याचा सराव ठेवावा. पर्जन्यछायेचा प्रदेश समजून घ्यायचा तर महाबळेश्वरहून वाईमार्गे फलटणकडे आणि तिथून माण तालुक्याकडे जाणारा रस्ता नकाशावर पाहावा आणि पिके कशी बदलत जातात ते लिहून काढावे. भूकंपाच्या धड्यात बहुतेक जण हिमालयाचे उदाहरण देतात. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप स्थिर समजल्या जाणाऱ्या द्वीपकल्पाच्या अंतर्भागात झाला, हे सोबत लिहिले तर उत्तर अधिक नेमके होते.

अर्थव्यवस्था आणि वर्तमानपत्र

वर्तमानपत्रासाठी रोज दीड तासाहून अधिक वेळ देऊ नये. राजकीय पक्षांतील कुरबुरी, गुन्हे आणि वक्तव्ये सोडून द्यावीत. निर्णय, निकाल, अहवाल, योजना आणि करार तेवढे वाचावेत. बातमी वाचताना तिच्यामागची संस्था, त्या संस्थेला अधिकार देणारा कायदा, या विषयाची मागची पाच-दहा वर्षे आणि अभ्यासक्रमातील नेमकी ओळ, एवढे शोधले की पुरे.

समजा, रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने अल्पकालीन कर्ज देते तो दर, बदलला नाही अशी बातमी आहे. तो निर्णय पतधोरण समिती घेते. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन ही सहा सदस्यांची समिती आली आणि चार टक्के महागाईचे लक्ष्य, वर-खाली दोन टक्क्यांच्या मुभेसह, ठरले. इथवर प्रत्येक विद्यार्थी पोहोचतो. याच्या पुढे जाण्यासाठी लासलगावच्या बाजार समितीकडे पाहावे. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो, चाळीत साठवला जातो आणि साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पुरवून खाल्ला जातो. नंतर खरिपाचा लाल कांदा येतो. परतीच्या पावसाने खरिपाचे पीक झोपले की मधल्या काळात माल नसतो आणि भाव उसळतो. व्याजदर वाढवून कांदा वाढत नाही. म्हणून सरकार साठा, आयात-निर्यात आणि शुल्क यांच्याकडे वळते: ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी केली, मे २०२४ मध्ये ती उठवली आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही काढले. या उपायांनी ग्राहकाला दिलासा मिळतो, पण तेजीच्या काळातच शेतकऱ्याचे हात बांधले जातात. पतधोरणाच्या मर्यादा, साठवणुकीच्या सोयी, शेतमालाचे व्यापारधोरण आणि शेतकऱ्याचे उत्पन्न असे तिसऱ्या पेपरमधले चार मुद्दे एका बातमीतून हाती येतात.

मासिकांपैकी 'योजना' पुरेसे आहे आणि ते मराठीतही निघते. आर्थिक पाहणी अहवाल संपूर्ण वाचण्याची गरज नाही. प्रत्येक प्रकरणातील निष्कर्ष आणि तक्ते पाहावेत. तिसऱ्या पेपरमधील अंतर्गत सुरक्षा, आपत्ती व्यवस्थापन आणि तंत्रज्ञान यांसाठी सुरुवातीला जाड पुस्तके घेऊ नयेत. जुने प्रश्न समोर ठेवून प्रत्येक ओळीवर दोन पानांचे टिपण केले की काम भागते. पर्यावरणाला मात्र पूर्वपरीक्षेतही मोठे वजन असल्याने तिथे चालढकल नको. पाणथळ जागांच्या संरक्षणाचा रामसर करार १९७१ चा आहे हे पाठ करण्याबरोबरच नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही महाराष्ट्रातील रामसर स्थळे एकमेकांपासून किती वेगळी आहेत ते पाहावे. एक धरणाच्या फुगवट्यातून झालेली पाणथळ जागा, एक उल्कापाताने बनलेले खारे सरोवर आणि एक महानगराला खेटून असलेली खाडी. धोकेही तिघांना वेगवेगळे आहेत.

नीतिशास्त्राचा पेपर

चौथ्या पेपरमध्ये व्याख्या पाठ करून फारसे साधत नाही. सचोटी, वस्तुनिष्ठता, करुणा, सहिष्णुता अशा प्रत्येक मूल्यासाठी स्वतःच्या शब्दांतील दोन ओळींची व्याख्या आणि खऱ्या आयुष्यातील एक उदाहरण लिहून ठेवावे. विचारवंतांमध्ये दूरचीच नावे शोधण्याचे कारण नाही. सत्यशोधक समाजाची १८७३ मधील स्थापना, गोखल्यांनी १९०५ मध्ये उभी केलेली भारत सेवक समाज ही संस्था आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी मांडलेली घटनात्मक नैतिकतेची कल्पना, ही लोकसेवेच्या मूल्यांशी थेट जोडलेली आहेत. प्रशासनातील साधने म्हणून २००५ चा माहिती अधिकार कायदा आणि महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा मुळातून वाचावा. केस स्टडीत, म्हणजे एखादा पेचप्रसंग देऊन तुम्ही काय कराल असे विचारणाऱ्या प्रश्नांत, सर्वांत मोठी उणीव दिसते ती ही, की विद्यार्थी भाषण देतात आणि निर्णय देत नाहीत. कोणाकोणावर परिणाम होणार, माझ्या पदाला कायद्याने कोणते अधिकार आहेत, कोणते पर्याय उपलब्ध आहेत आणि मी त्यांतला कोणता का निवडतो, हे स्पष्ट लिहावे.

उत्तरलेखन

सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरमध्ये २० प्रश्न असतात: दहा गुणांचे दहा प्रश्न १५० शब्दांत आणि पंधरा गुणांचे दहा प्रश्न २५० शब्दांत. म्हणजे तीन तासांत ४००० शब्द, प्रत्येक प्रश्नाला सरासरी नऊ मिनिटे. त्यांतच विचार करायचा आणि त्यांतच लिहायचे. अभ्यास पूर्ण झाल्यावर लिहायला घेऊ असे म्हणणाऱ्यांना हा वेग शेवटपर्यंत सापडत नाही. म्हणून पहिल्या विषयाचे पायाभूत वाचन संपले की दुसऱ्याच दिवसापासून रोज एक जुना प्रश्न घड्याळ लावून लिहावा. प्रश्नात जितके भाग असतील तितके भाग उत्तरात आलेच पाहिजेत. पहिल्या दोन वाक्यांत थेट विषयाला हात घालावा. आकडा किंवा अनुच्छेद खात्रीचा असेल तरच लिहावा. लिहिलेले उत्तर दुसऱ्या दिवशी स्वतः तपासावे आणि शक्य असल्यास अभ्यासिकेतील दोन-तीन सोबत्यांनी एकमेकांची उत्तरे तपासावीत.

मराठीतून परीक्षा देणाऱ्यांसाठी

मुख्य परीक्षा आणि मुलाखत मराठीतून देता येते, पण सामान्य अध्ययनाच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदी याच भाषांत छापलेल्या असतात. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन रकाने पाडलेली एक वही ठेवावी आणि प्रत्येक पारिभाषिक शब्द मराठी व इंग्रजी असा शेजारी लिहावा. उत्तरात मराठी संज्ञेपुढे कंसात तिचे इंग्रजी रूप देण्याची मुभा आयोगानेच दिली आहे. ती नेमक्या पारिभाषिक शब्दांपुरती वापरावी. मराठीतील चांगले संदर्भसाहित्य इंग्रजीच्या मानाने कमी आहे, ही खरी अडचण आहे. मात्र विश्वकोशाच्या नोंदी, राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल आणि घटनेची शासनाने काढलेली मराठी आवृत्ती हे भरवशाचे साहित्य आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यामुळे हाच अभ्यास तिथेही उपयोगी पडतो, तेव्हा दोन्ही परीक्षांसाठी वेगवेगळी टिपणे काढण्याचे कारण उरलेले नाही.

पूर्वपरीक्षेआधीचे तीन महिने

या काळात नवे पुस्तक उघडू नये. जुन्या प्रश्नपत्रिकेतील प्रत्येक प्रश्नाचे चारही पर्याय अभ्यासावेत, कारण आज चुकीचा असलेला पर्याय पुढच्या एखाद्या वर्षी प्रश्न होऊन येतो. सराव पेपर सोडवल्यावर गुण मोजून थांबू नये. खात्रीने सोडवलेले, दोन पर्यायांत अडकून सोडवलेले आणि निव्वळ अंदाजाने सोडवलेले असे तीन गट करून प्रत्येक गटात किती बरोबर आले ते पाहावे. दोन गुणांच्या प्रश्नाला ०.६६ गुण कापले जात असल्याने कोणत्या गटातील धोका पत्करायचा हे या नोंदीवरून ठरवता येते.

सीसॅट केवळ पात्रतेपुरता आहे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणारे अनेक अभ्यासू विद्यार्थी तिथेच अडकतात, विशेषतः दहावीनंतर गणिताला हात न लावलेले. आठवड्यातले दोन दिवस त्याला ठरवून द्यावेत. रविवारी दोन्ही पेपर परीक्षेच्याच वेळी, म्हणजे सकाळी ९.३० ते ११.३० आणि दुपारी २.३० ते ४.३०, घरच्या टेबलावर नव्हे तर अभ्यासिकेत बसून सोडवावेत; सकाळच्या पेपरनंतर थकलेल्या डोक्याने दुपारी उतारे वाचताना आणि गणिते सोडवताना किती चुका होतात, याचा अंदाज त्याशिवाय येत नाही.